सुलूची तपासणी

भोरच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी होते, हे सुलूनं एसटी स्टँडवरच्या पाटीवर वाचलं होतं. वेल्ह्यातही दवाखाना होता, पण तिथली नर्स तिच्याच गावची. म्हणून ती नसरापूरला गाडी बदलून इतक्या लांब आली.

"वय किती?" समुपदेशक फौजियानं विचारलं.

"सतरा संपत आलंय."

नवरा गेनू टेम्पो चालवायचा. दिवाळीत वारला. घरचे टीबी म्हणत. सुलूला ते पटत नव्हतं.

अठराच्या आत असेल तर घरच्या मोठ्या माणसाची सही लागते, हे फौजियानं जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं.

"सासूला कसं सांगू, मॅडम?" एवढंच म्हणून सुलू उठली. पुन्हा आली नाही.

फौजियाला चैन पडेना. नियम तिनं केला नव्हता, पण पोरीला माघारी तिनंच पाठवलं होतं. सुलूच्या घरी जावं, तर एचआयव्हीच्या मॅडम कुणाकडे आल्या ते गावभर होणार. शेवटी सुलू बाजारात भेटेल म्हणून बाजाराच्या दिवशी रजा टाकून ती वेल्ह्याला गेली. पहिल्या खेपेला सुलू दिसलीच नाही. दुसऱ्या खेपेला दिसली, सासूबरोबर नाचणी विकायला बसलेली. फौजिया ओळख न दाखवता पुढं निघाली.

"मॅडम, थांबा," सुलूनंच हाक मारली. मग सासूकडं वळली. "आत्या, ह्या भोरच्या दवाखान्यातल्या. मला रक्त तपासायचंय. तुमचा अंगठा लागतोय."

सासूनं, सगुणाबाईंनी, विचारलं नाही, कसलं रक्त. आधी नाचणी मापून देऊन त्यांनी समोरचं गिऱ्हाईक वाटेला लावलं.

"गेनूचा पुण्याचा कागद माझ्यापाशी हाय," त्या म्हणाल्या. "डाक्टरनं समदं सांगितलं व्हतं. सुनंला पण तपासा म्हणाला. माझी जीभच उचलली न्हाई."

दोन दिवसांनी दोघी भोरला आल्या, त्या एसटीत वेगवेगळ्या सीटवर बसून. सगुणाबाईंनी अंगठा दिला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. फौजिया बराच वेळ सुलूजवळ बसली. औषधं पुण्यात फुकट मिळतात, नेमानं घेतली तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, हे तिनं दोनदा सांगितलं. सुलूनं दोन्ही वेळा मान हलवली.

दर महिन्याला पुणं. गावात सांगायचं, सासूचे गुडघे दाखवायचेत. सगुणाबाई घरातून लंगडत निघायच्या.

सुलूच्या मनातला राग गेला नव्हता. गोळ्यांनी सुरुवातीला मळमळायचं, तेव्हा सासू पेज करून उशाशी ठेवायची. सुलू ती प्यायची, पण सासूशी बोलायची नाही. चौथ्या महिन्यात वजन तीन किलोनं वाढलं. त्या दिवशी परतताना नसरापूरला गाडीला वेळ होता.

"च्या घ्यायचा का, आत्या?" सुलूनं विचारलं.

सगुणाबाईंनी मान डोलावली. दोघी टपरीच्या बाकावर शेजारी बसल्या.