ट्वीटरची पाळी

माझे सासरे नाट्यगृहात ध्वनीच्या टेबलावर बसतात आणि सगळे त्यांना कानसेन म्हणतात. आधी थट्टेने म्हणत, मग आदराने, हल्ली पुन्हा थट्टेने. मधल्या काळात त्यांचे केस गेले, सासूबाई गेल्या, टेबल राहिलं. आता त्या टेबलावर डिजिटल प्रोसेसरची पेटी आली होती. व्यवस्थापकांनी सांगून टाकलं होतं, ही पेटी कानसेनांनी स्वतः लावून दाखवली तर टेबल त्यांचं. नाहीतर निरोपाचं भाषण खिशात तयार आहे. भाषण करायची व्यवस्थापकांना हौसही होती.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे सासरी कुठलंही यंत्र आलं की मला बोलावतात आणि बिघडलं की मलाच बोल लावतात. निघताना बायकोने बजावलं, बाबांच्या कानांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. घरच्या टीव्हीवरच्या बातम्या शेजाऱ्यांना तोंडपाठ झाल्या होत्या, पण त्याचं खापर आम्ही टीव्हीवर फोडत होतो.

पेटीचं काम तसं सोपं. एकत्र कुटुंबात होते तशी आवाजाची वाटणी करायची: खर्ज वूफरला, माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरला, आणि झांजेची किणकिण वगैरे बारीकसारीक ट्वीटरला. कुठे तोडायचं आणि कुणाला किती द्यायचं, हे लॅपटॉपवर ठरतं. मी खुर्च्यांच्या मधोमध मोजणीचा माइक उभा केला, त्याला बराच वेळ खरखर ऐकवली, आणि पडद्यावर बऱ्यापैकी सरळ रेघ आणली, म्हणजे डावीकडच्या खर्जापासून उजवीकडच्या किणकिणीपर्यंत सगळं सारखं.

"मेलेला आवाज आहे," कानसेन म्हणाले. "ट्वीटर वाढवा."

वाढवला. अजून, म्हणाले. अजून वाढवला. झाडूवाल्या बाई केर अर्धवट टाकून बाहेर गेल्या. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं रेघेचं उजवं टोक उसळलं. तिसऱ्या रांगेत व्यवस्थापक कपाळ चोळत बसले होते. बायकोच्या माहेराबद्दल गप्प बसण्याचा मला सराव आहे.

मग कानसेनांनी आपली जुनी पद्धत काढली. एकच गाणं लावायचं आणि स्पीकर एकेकटे ऐकायचे. घोळक्यात सगळेच शहाणे दिसतात, एकटं उभं केलं की कळतं, असं त्यांचं म्हणणं. मी बाकीचे बंद करून वूफर लावला. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. मधला लावला. उजवीकडे काहीतरी थरथरतंय, म्हणाले. जाऊन पाहिलं तर जाळीचा एक स्क्रू खरोखरच सैल होता. व्यवस्थापकांनी कपाळ चोळणं थांबवलं. मलाही वाटलं, निभावलं.

आता ट्वीटरची पाळी. मी लावला. काचेवर खिळा ओढावा तसा झांजांचा नुसता करकराट हॉलभर पसरला. व्यवस्थापकांनी दोन्ही कानांत बोटं घातली. कानसेन रंगमंचाकडे तोंड करून, कानामागे हात धरून उभे होते.

"लावा की," ते म्हणाले.

मी लॅपटॉपवर पुन्हा पाहिलं. ट्वीटर चालूच होता.

"जावईबुवा, डुलकी लागली काय? लावा."

ते वळले. पेटीवर ट्वीटरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग तिसऱ्या रांगेतल्या बोटांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा रंगमंचाकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि ठेक्यात मान डोलवू लागले.

"हां," म्हणाले. "आता कसं. स्वच्छ."

व्यवस्थापकांनी मला कोपरानेच खूण केली, बंद करा. कान त्यांनाही होते. मी बंद केला.

हॉल चिडीचूप झाला. कानसेन मान डोलवत राहिले. लय पक्की होती. मधे एकदा अवघड जागा आल्यासारखं कपाळही आक्रसलं. व्यवस्थापकांनी कानांतली बोटं काढली, थोडा वेळ नुसतं बघितलं, आणि उठले. हात खिशाकडे गेला, भाषण काही त्यांनी काढलं नाही. जवळ येऊन साध्या आवाजात म्हणाले, "कानसेन, बसा जरा."

सासऱ्यांनी डोळे न उघडता हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "संपू दे."