आक्काची चिठ्ठी

त्या दिवशी मी दोघा भावांच्या अंगणात दोरी धरून उभा होतो. अंगणाच्या मधोमध फळ्यांचं कुंपण घालायचं होतं, म्हणून सुताराला, म्हणजे मला, सांगावा आला होता. बाप जाऊन वर्ष झालेलं. वर्षभर दोन्ही जावांनी भांडून भांडून घसे बसवून घेतले आणि शेवटी एकदाची वाटणी ठरली. वारा तर असा सुटला होता की तोंड उघडलं की दातांत माती.

पंच म्हणून गावच्या चर्चच्या पाळकबाबांना बोलावलं होतं. माणूस मऊ, पण अक्षर बघत राहावं असं. जमीन आधीच मोजून झाली होती. उरलेल्या वस्तूंवर रोज कडाक्याचं भांडण व्हायचं, म्हणून बाबांनी एकेका वस्तूची चिठ्ठी लिहून पत्र्याच्या डब्यात टाकली. दोघांनी आळीपाळीनं हात घालायचा, जे येईल ते मुकाट्यानं घ्यायचं.

थोरल्याला नांगर आला. धाकट्याला मोठी कढई. थोरल्याला शिडी. मग धाकट्याला काळी गाय आली, तशी त्याच्या बायकोनं पदर खोचून सगळ्यांकडं एकवार बघून घेतलं. गावात त्या गाईइतकं दूध कुणाची गाय देत नव्हती.

थोरल्यानं तोंड पाडून पुन्हा हात घातला. चिठ्ठी उलगडली आणि एकदम फुलला.

"आक्का!"

"मिळाली गं बाई!" थोरलीनं टाळीच वाजवली.

धाकटी उसळली. "वा रे वा! गाय आमच्याकडं आणि आक्का तुमच्याकडं? मग दूध कोण काढणार? तुमचा भाऊ?"

तिचंही खरंच होतं. काळी गाय आक्काशिवाय कुणाला सडाला हात लावू देत नसे.

आक्का म्हणजे त्या घरातली चाकरीची बाई. बारा वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हा या दोघांच्या बापानं तिला पोरं सांभाळायला आणली. दोघांना तिनंच कडेवर वाढवलं. त्याला चाळीस वर्षं झाली. सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची आणि धान्याच्या खोलीत पोत्यांवर पडायची. अख्खं गाव तिला आक्का म्हणायचं. तिला दुसरं नाव असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

नेमकी त्याच वेळी ती चहाचं ताट घेऊन बाहेर आली.

"काय मिळालं म्हणता? माझं नाव ऐकलं."

"अगं, तू आमच्या वाटणीला आलीस," थोरला खुशीत म्हणाला. "चिठ्ठी निघाली तुझी."

आक्कानं ताट ओट्यावर ठेवलं. ओले हात लुगड्याला पुसले आणि ती चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली. तिला वाचता येत नव्हतं. उलटी धरून बराच वेळ बघितली.

"यात मी आहे?"

"हो."

"अक्षर कुणाचं?"

पाळकबाबा स्वतःच्या चपला बघत होते. "माझं," ते हळूच म्हणाले.

"छान काढलंय हो," आक्का म्हणाली, आणि चिठ्ठी तोंडात टाकली. आम्ही बघतोय तोवर चावलीसुद्धा. मग थोरल्याच्या वाट्याचा चहा उचलला आणि त्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

"आक्का! वेड लागलं का तुला?"

"घ्या आता वाटून. पोटात आहे."

धाकटा खो खो हसायला लागला. बायकोनं कोपर मारलं तसा गप्प झाला.

आक्का थोरल्याकडं वळली. "दादा, रविवारी प्रार्थनेला उभे राहिलात की पहिलं काय म्हणता तुम्ही?"

थोरला मंडळीत सगळ्यांच्या पुढं उभा राहून मोठ्यानं प्रार्थना करायचा. पार रस्त्यापर्यंत ऐकू जायची.

"काय म्हणतो? मी प्रभूचा दास..." तो म्हणाला आणि मध्येच थांबला.

"मग दासाला कुठं दासी मिळते वाटणीत? धनी वरती बसलाय. त्याचा माल तुम्ही दोघं खाली बसून वाटून घेताय, त्याला विचारलं तरी का?"

मी दोरी सोडून दिली. असल्या वेळी कुंपण कोण मोजतंय!

"बाप्तिस्म्याला नदीत उभं करून या बाबांनीच मला विचारलं होतं, तू कुणाची," आक्का पुढं म्हणाली. "मी म्हटलं, ख्रिस्ताची. तुम्ही दोघं काठावर उभे होतात. तेव्हा नाही कुणी म्हणालं की आधी आमची."

पाळकबाबा उठले. चेहरा कानापर्यंत लाल.

"तिचं मोल क्रुसावर कधीच कुणी तरी दिलंय," ते म्हणाले, "आणि ते देणारे आपण नाही. मी दर आठवड्याला सांगतो की त्याच्यापुढं धनी आणि चाकर सारखेच. आणि आज गाय, नांगर, कढई, आक्का असं एका ओळीत लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. आक्का, मला माफ कर."

"केलं," आक्का म्हणाली. "चहा घ्या, निवतोय."

मग ती आत गेली. बाहेर आली तेव्हा काखेत गाठोडं होतं. चाळीस वर्षांचं गाठोडं, पण उशीएवढंसुद्धा नाही.

"बहिणीकडं जाते. धान्याच्या खोलीची कडी नीट लागत नाही, बघून घ्या."

आणि गेली. पाठीमागून धाकटी ओरडली, "दूध कोण काढणार?" त्यावर ती वळलीसुद्धा नाही.

पुढचे चार दिवस मी कुंपण ठोकत होतो, त्यामुळं सगळं डोळ्यांनी बघितलं. पहिल्या दिवशी गाईनं धाकटीची बादली उडवली. दुसऱ्या दिवशी धाकट्याला उडवलं. तिसऱ्या दिवशी धाकटी आक्काचं जुनं लुगडं नेसून गोठ्यात गेली, तर गाईनं आधी ते नीट हुंगलं, मग लाथ घातली. चौथ्या दिवशी गाय रात्रंदिवस हंबरायला लागली. थोरल्याकडं वेगळीच तऱ्हा. चुलीचं सरपण कुठं ठेवतात, पोरांचे सदरे कुठं असतात, कुणालाच काही माहीत नाही. शेवटी दोघे भाऊ, वर्षात पहिल्यांदाच, एकत्र माझ्याकडं आले.

"गाडी जुंप. आक्काकडं जायचंय."

पोचलो तेव्हा भर दुपार. बहीण दारातच शेंगांची टोपली घेऊन बसली होती.

"आक्का कुठंय?"

"झोपलीय."

"दुपारची?" थोरल्याला खरंच वाटेना.

"दुपारचीच. रोज झोपते. उठवायचं नाही. उठेल तेव्हा उठेल." बहिणीनं टोपली पुढं सरकवली. "बसलाच आहात तर सोला."

दोघे शेंगा सोलायला बसले. धाकट्याला खोकला आला तर थोरल्यानं डोळे वटारले. उन्ह भिंतीवरून उतरलं, तेव्हा कुठं आतून बांगड्या वाजल्या. आक्का बाहेर आली, रांजणातलं पाणी घेऊन सावकाश तोंड धुतलं.

"सांगायला आलात की विचारायला?"

"विचारायला," दोघे एकदमच म्हणाले.

"मग विचारा." आणि ती त्यांच्यासमोर बाजेवर बसली. चाळीस वर्षांत मी तिला त्यांच्यासमोर बसलेली बघितली नव्हती.

थोरल्यानं हातातली शेंग खाली ठेवली. "आक्का, येशील का?"

"येईन. गाईसाठी. सकाळचं दूध मी काढीन, संध्याकाळचं शिकवीन, काढा तुम्ही. मजुरी इतर बायांना देता तीच. मुक्कामाला इथंच. आणि दुपारनंतर मी माझी." मग म्हणाली, "माझी तरी कुठली, त्याचीच. पण तो धनी झोपू देतो."

थोरल्यानं मान खाली घातली. मला वाटलं आता रडतो की काय. पण धाकट्याला घाई. गाय हंबरत होती ना घरी. तो गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागला.

"ठरलं तर मग! निघूया?"

"निघताय कुठं?" बहीण म्हणाली. "टोपली अर्धीच झालीय."

दोघे गुपचूप खाली बसले.