उन्हाळ्याच्या बॅगेत स्वेटर

या प्रवासात कवळीवालीला मिळण्यासारखं पुष्कळ होतं. आधी एक माणूस. स्वयंपाक करणारा, केल्याचा बोभाटा न करणारा आणि भांडणातही आवाज न चढवणारा. असे पुरुष जाहिरात देऊन मिळत नाहीत. दुसरं, तळमजल्यावरचं घर, कारण तिच्या गुडघ्यांचं आणि जिन्याचं अलीकडे बिनसलं होतं. आणि तिसरी, जिचा ती मनात पहिला नंबर लावायची पण तोंडाने तिसरा सांगायची, ती त्या घरातली उत्तरेच्या खिडकीची खोली.

कवळ्या बनवणाऱ्या बाईला उत्तरेची खिडकी म्हणजे काय, हे ज्याची बत्तिशी शाबूत आहे त्याला कळायचं नाही. दात पांढरे असतात हा लोकांचा गैरसमज. दात पिवळट असतात, राखाडी असतात, चहाच्या अंगाने जाणारे असतात, आणि ट्यूबलाइटखाली सगळे सारखंच खोटं बोलतात. दवाखान्यामागच्या तिच्या खोलीला खिडकीच नव्हती. रंग जुळवायचा झाला की तळहातावर दात घेऊन तिला रस्त्यावर यावं लागे. भर चौकात एक बाई कुणाचे तरी दात उजेडाकडे धरून डोळे बारीक करते आहे, हे पाहून नवख्या माणसाची सायकल हमखास वाकडी व्हायची. मास्तरांची गाडीही अशीच तिच्यासमोर बंद पडली होती. चालवत होत्या एक शिकाऊ बाई, शेजारी बसले होते मास्तर. ओळख झाली ती तिथून.

मास्तर गाडी शिकवायचे. मुलगी दुपट्यात असताना बायको गेली, आणि तेव्हापासून घरात दोघंच, बाप आणि लेक. लेक आता नऊ वर्षांची होती आणि तिला सगळे मुकादम म्हणायचे. कारण कमरेवर हात ठेवून ती लोकांची कामं बघायची आणि झाल्यावर एवढंच म्हणायची, "ठीक आहे." भाजी आणणारा बाप असो की नळ दुरुस्त करणारा माणूस, 'छान' कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

"सुट्टीत गाडीने आत्याकडे जाऊ, समुद्रावर," मास्तर म्हणाले होते. "तिघंच. परत आलो की तू सामान घेऊन ये. मुकादमला मी सांगितलंय."

"काय म्हणाली?"

"काही नाही. खोली आवरायला लागली."

उत्तरेची खोली मुकादमचीच होती. ती आता स्वयंपाकघराशेजारच्या छोट्या खोलीत जाणार होती. इतकी बाणेदार पोर एवढी मोठी खोली न भांडता देते, याचं कवळीवालीला नवल वाटायला हवं होतं. पण फायद्याच्या बातमीची कुणी उलटतपासणी घेत नाही. राहता राहिला पोरीचा होकार. खोली आवरणं म्हणजे होकार नव्हे, एवढं तिला कळत होतं. मास्तरांचं मन तिने जिंकलं होतं, पण त्या घराची किल्ली मुकादमकडे होती. ती नाही म्हणाली असती तर मास्तरांनी आवाज न चढवता, सावकाश, अतिशय सभ्यपणे कवळीवालीला परत तिच्या जिन्यापाशी आणून सोडलं असतं.

गाडी शिकवणीचीच. शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो ना, तशी. कवळीवाली पुढे बसली आणि पाय कुठे ठेवावेत हेच तिला कळेना.

"त्या ब्रेकवर पाय नाही ठेवायचा," मागून आवाज आला. "आम्ही तिथे पाय ठेवत नाही."

"बरं. मग कुठे ठेवता?"

"मांडी घालतो आम्ही."

गुडघ्यांची बाजू मांडण्यात अर्थ नव्हता. कवळीवालीने पाय तिरके केले.

पहिल्या पेट्रोलपंपापासून तिच्या लक्षात आलं की या पोरीच्या तोंडात एकच शब्द घोळतोय. आम्ही काचा खाली ठेवतो. आम्ही या पुलावर हॉर्न वाजवतो. आम्ही पुढच्या हॉटेलात थांबतो आणि खिडकीपाशी बसतो.

"आणि मी कुठे बसू?"

"बसा की कुठेही. खुर्च्या पुष्कळ आहेत."

"मुकादम," मास्तर म्हणाले, "आरसा बघ, आरसा." मागून येणाऱ्यालाही जागा द्यावी, असा त्याचा त्यांच्या भाषेत अर्थ. यापेक्षा कडक ते कधी बोलत नसत.

मुकादम कवळीवालीला 'तुम्ही' म्हणायची. मावशी नाही, काकू नाही, काहीच नाही. हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन उभी राहायची आणि बघेपर्यंत हलायची नाही. कवळीवालीने मनाला लावून घेतलं नाही. दुसऱ्यांच्या दातांवर पोट असलेल्या माणसाला चावे नवे नसतात. पण 'आम्ही' हा शब्दच असा, की तो म्हणणारा आत असतो आणि ऐकणारा बाहेर. एका गाडीत तीन माणसं, आणि तो शब्द उच्चारला की एक माणूस चालत्या गाडीतून रस्त्यावर. कधी चुकून 'आपण' निघतंय का, म्हणून ती कान लावून बसली होती. 'आपण पोचलो' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण रात्रीच्या मुक्कामाला लॉजच्या दारात मुकादम म्हणाली, "पोचलो," आणि बॅग दोन्ही हातांनी ओढत आत गेली. बॅग कुणाला उचलू देईना.

सकाळी नाश्त्याला कवळीवाली म्हणाली, "झोपेत दात खातेस तू."

"मी नाही खात."

"अगं, माझा धंदा आहे तो. एवढ्या लहान वयात दाढा झिजवल्यास तर पुढे माझं गिऱ्हाईक होशील."

"आमच्याकडे सगळेच खातात."

"मी कधी खाल्ले?" मास्तरांनी पावावरून मान वर केली.

"बाबा, झोपलेल्याला कळत नाही."

मास्तर पुन्हा पावाकडे वळले. कवळीवालीला हसू आलं, पण मनात कुठेतरी नोंद झाली. आनंदाने सुट्टीवर निघालेलं पोर रात्रभर जबडा आवळून झोपत नाही.

दुपारी, दोन्ही बाजूंना कापणी झालेली रिकामी शेतं असताना, गाडीचं मागचं चाक बसलं. मास्तर अगदी शांत होते. उलट असं काही झालं की त्यांना चार लोकांसमोर पाठ घेतल्यासारखं वाटायचं. "काही हरकत नाही. स्टेपनी कशासाठी असते? आणि प्रवासाआधी काय तपासायचं असतं?"

"स्टेपनी," मुकादम मागून म्हणाली.

"शाब्बास."

डिकीतलं सामान रस्त्याकडेला झाडाखाली काढलं आणि स्टेपनी बाहेर आली. तीही बसलेलीच. मास्तरांनी तिला अंगठ्याने दाबून पाहिलं, मग दुसऱ्या अंगठ्याने. वीस वर्षं ज्या प्रश्नावर ते शिकाऊ लोकांना नापास करत आले होते, त्याच प्रश्नावर स्वतः नापास होऊन ते भर रस्त्यात उभे होते.

"आरसा बघा, मास्तर," कवळीवाली म्हणाली.

मास्तरांनी चाक काढलं, आणि मागे वळणावर एक पंक्चरवाला दिसला होता तिकडे पोरांच्या गाड्यासारखं घरंगळवत निघाले. झाडाखाली दोघीच उरल्या, आणि सामान.

ऊन सरकत होतं तशी सावलीही. कवळीवाली बॅगा आत ओढायला लागली. मुकादमची बॅग तिने उचलली मात्र, जडपणाने हात खाली गेला आणि जुनी चेन फाटली. आतून एक जाड लोकरी स्वेटर बाहेर आला. त्यामागून दुसरा. मग कानटोपी, पावसाळी बूट, शाळेचं निकालपत्र, आणि टॉवेलात गुंडाळलेली आईच्या फोटोची चौकट.

मुकादम धावत आली आणि सगळं परत कोंबायला लागली.

"एवढी थंडी असते का आत्याकडे?"

"हिवाळ्यात असते."

"हिवाळ्याला अवकाश आहे अजून."

"माहितेय मला."

"आणि निकालपत्र?"

"नव्या शाळेत लागतं. आमच्या बाईंना विचारलं मी." चेन लागत नव्हती, तरी ती ओढतच होती. "चालेल मला. आत्याकडे समुद्र आहे. आत्या रागावत पण नाही."

कवळीवाली खाली बसली, गुडघे काय म्हणतात त्याची पर्वा न करता. "आत्याकडे राहायचं, हे तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

"काय म्हणाले? जसंच्या तसं सांग."

मुकादमने बापाचा सावकाश आवाज काढला. "म्हणाले, मुकादम, आम्ही ठरवलंय, आता आम्ही एकत्र राहणार. तुझी खोली आवरून ठेव. मग म्हणाले, सुट्टीत आत्याकडे जायचं."

"आणि तू विचारलं नाहीस? माझं काय म्हणून?"

"विचारलं असतं आणि हो म्हणाले असते तर?"

इतका नेटका माणूस. चौकात वळताना तीनदा इकडेतिकडे बघणारा. आणि आयुष्याच्या वळणावर 'आपण' म्हणायचं ते 'आम्ही' म्हणून बसला, आणि मागे वळूनही पाहिलं नाही. पोरीने शब्दाचा अर्थ बरोबर लावला होता, चुकला होता तो बोलणारा. आणि कालपासूनची ती 'आम्ही'ची सरबत्ती? पोर तिला टोचत नव्हती. हातातून जाणारी गोष्ट संपायच्या आत वापरून घेत होती.

आता खरं सांगायचं तर क्षणभर कवळीवालीच्या मनात हिशेब आलाच. माणूस, तळमजला, खिडकी, आणि मुलगी समुद्रावर, स्वतःच्या तोंडाने 'चालेल' म्हणालेली. असा हिशेब कुणाच्या मनात येत नाही असं म्हणणाऱ्याने आपली बत्तिशी मोजून घ्यावी. पण आकडा मांडून झाला आणि तिला तो आवडला नाही. ज्या घरातून एवढंसं पोर कानटोपी घेऊन न रडता निघतं, त्या घरात उद्या आपण दात कोरत बसू, असं तिला वाटेना.

"तुझे बाबा गाडी चांगली शिकवतात," ती म्हणाली. "भाषेत काठावर पास झाले असणार."

"म्हणजे?"

"म्हणजे ते आल्यावर त्यांनाच विचार. मी सांगितलं तर तुला वाटेल, ही गोड बोलतेय."

"वाटेलच."

"म्हणून म्हणते."

मास्तर परतले ते घामाघूम, हात काळे, चाक ठीक झाल्याच्या आनंदात. झाडाखाली स्वेटर, बूट आणि चौकट मांडलेली, आणि पलीकडे दोघी, परीक्षकांसारख्या.

"मास्तर, हिला घरी काय सांगितलंत ते परत एकदा सांगा."

"काय सांगितलं? हेच, की आम्ही आता एकत्र..."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे आम्ही... आपण. आपण तिघं. दुसरं कोण?" ते हसले. मग त्यांची नजर कानटोपीवर गेली आणि हसणं जागच्या जागी थांबलं. हातातलं चाक तसंच सुटून दोन कोलांट्या घेऊन आडवं झालं. ते मुकादमसमोर उकिडवे बसले. तिला हात लावावा तर हात काळे, म्हणून नुसतेच हवेत धरून राहिले. "अगं, तुला सोडून मी कुठे राहीन? मला काय एकट्याला राहता येतं का?"

"ठीक आहे," मुकादम म्हणाली. आवाज मात्र ठीक नव्हता. मग तिने बापाच्या सदऱ्यात तोंड घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. कवळीवाली तोवर रिकाम्या शेतांकडे बघत राहिली.

तोंड बाहेर आलं ते प्रश्न घेऊनच. "मग माझी खोली?"

मास्तरांनी कवळीवालीकडे पाहिलं. भला माणूस अवघड जागी असाच दुसऱ्याकडे बघतो, आणि त्याच्या भलेपणाचा भार मग ज्याच्याकडे बघितलं त्याच्यावर पडतो.

"खोली तुझी," कवळीवाली म्हणाली. "माझं कामाचं बाकडं आहे तिथेच राहील. मी झोपायला येईन, कामाला तिकडे जाईन."

"पण उजेड..." मास्तर म्हणाले.

"उजेड चौकातही असतो. फुकटचा."

मुकादमने तिच्याकडे बघून घेतलं, नळ दुरुस्त करणाऱ्याकडे बघायची तसं. "छोट्या खोलीला खिडकी आहे. पण भिंत दिसते त्यातून."

"दातांना भिंत चालत नाही."

"मी टाकीतले मासे पण देऊन टाकले," मुकादम बापाला म्हणाली. "शेजारच्या जुळ्यांना. आत्याकडे नेता आले नसते ना."

"परत मागू आपण."

"दिलेलं परत नाही मागायचं," ती म्हणाली आणि स्वेटरची घडी घालायला लागली. कवळीवालीने दुसरा उचलला. घडी चुकली. मुकादमने तो तिच्या हातातून घेतला, उलगडला, परत घातला, आणि बूट तिच्याकडे सरकवले. बुटांना घडी लागत नाही.

गाडी सुरू झाली. समुद्र अजून बराच लांब होता. आत्याकडे हा किस्सा मास्तर स्वतःच रंगवून सांगणार आणि सगळे हसणार, हे कवळीवालीला आताच दिसत होतं. तिने पाय तिरके करून बसल्या बसल्या कुणाचं काय गेलं ते मांडून पाहिलं. मुकादमचे मासे गेले, आणि खोली आवरायला लागल्यापासूनची तिची एकूण एक झोप. स्वतःची खिडकी गेली, म्हणजे म्हातारपणापर्यंत चौकात उभं राहून सायकली पाडणं आलं. आणि ज्यांच्या एका शब्दाने हे सगळं झालं, त्या मास्तरांनी काय भरलं? हात धुवायला एक बाटली पाणी. तेही तिच्याच पिशवीतलं.