धाकट्याच्या खिडकीपर्यंत रेंज

आमच्या ह्यांना धाकट्या भावाशी बोलायचं नव्हतं, पण त्याच्या घरात आपलं वायफाय मात्र पोचायला हवं होतं. हे ऐकून कुणालाही वाटेल की मी काहीतरी बनवून सांगतेय. मला बनवायला वेळ नाही. मी या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केलाय, मला जे आहे तेच सांगताना पुरेवाट होते.

दोन भाऊ, दोन घरं, मधे एक अंगण. सोफे आणि गाद्या शिवायचा कारखाना दोघांचा मिळून. सासऱ्यांचं एक जुनं, पायाने चालवायचं शिवणयंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. ते धाकट्या भाऊजींनी एक दिवस ह्यांना न विचारता विकून टाकलं. झालं, तेवढ्यावरून अबोला. वर्ष उलटलं तरी दोघं एकाच टेबलाशी उभं राहून कापड कापत होते आणि कात्री हवी असली तर कारागिराकरवी मागत होते. आम्ही जावा गच्चीवर कपडे वाळत घालताना मनसोक्त बोलायचो, ते सोडा. आमचं यंत्र कुणी विकलं नव्हतं.

भांडणाआधी दोन्ही घरांना मिळून एकच वायफाय होतं, ते आमच्या दिवाणखान्यात. भांडणानंतर बाकी सगळ्याच्या वाटण्या झाल्या, अगदी झाडू आणि शिडीसुद्धा. वायफायचा विषय मात्र कुणी काढला नाही. ह्यांनी बंद केलं नाही, भाऊजींनी सोडलं नाही. ह्यांच्या फोनमध्ये कोण कोण जोडलंय ते दिसायचं. संध्याकाळी भाऊजींचा फोन तिथे दिसला की हे चष्मा काढून ठेवायचे आणि म्हणायचे, "आला वाटतं घरी." त्यानंतरच ह्यांना भूक लागायची.

मग एक दिवस तो वायफायचा डबा जळाला. वायफायवाल्याने नवा आणून लावला आणि ह्यांच्याकडून त्यात नवीन पासवर्ड घालून घेतला. माझ्या फोनमध्येही ह्यांनीच तो घातला. मी कशाला विचारतेय काय आहे म्हणून, मला रेसिपी दिसल्याशी कारण.

त्या संध्याकाळी भाऊजींचा फोन काही दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नेमकी त्याच सुमारास जावेने मला बातमी दिली की भाऊजींना दुसऱ्या गावात नोकरी मिळालीय. महिनाअखेरीला घर बंद करून जायचं होतं. मी ह्यांना सांगितलं, "अहो, जातायत ते. आता तरी बोला."

हे म्हणाले, "नव्या डब्याची रेंज कमी आहे."

मी कपाळाला हात लावला.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? आधी डबा दिवाणखान्यातून उचलून स्वयंपाकघरात आला, कारण ती भिंत धाकट्याच्या बाजूची. तिथे मधे फ्रीज आला. वायफायवाला म्हणाला, "काका, लोखंड, आरसा आणि पाणी, हे तिन्ही रेंजचे वैरी. फ्रीज म्हणजे लोखंडाची भिंतच. डबा उंचावर ठेवा." मग डबा माळ्यावर चढला. तिथे पाण्याची टाकी आडवी आली. हे टाकीकडे असे बघायला लागले की जणू तिनेच यंत्र विकलंय.

"पण एवढी रेंज कुठे हवीय तुम्हाला?" वायफायवाल्याने विचारलं.

"अंगणात," हे म्हणाले. "मला अंगणात बसून बातम्या बघायच्या असतात."

हे जन्मात कधी अंगणात बसलेले नाहीत. डास चावतात म्हणून खिडकीसुद्धा उघडत नाहीत.

मग तो रिपीटर नावाचा दुसरा लहान डबा आला. पहिल्याची रेंज पकडायची आणि पुढे ढकलायची, एवढंच त्याचं काम. ह्यांनी तो थेट धाकट्याच्या बाजूच्या शेवटच्या खिडकीत लावला आणि रेंज येईना म्हणून त्यालाच शिव्या घातल्या. वायफायवाला बिचारा परत आला. "काका, ह्यालाच इथे काही मिळत नाहीये, तर हा पुढे काय देणार? मधल्या जागी ठेवा, जिथे अजून रेंज चांगली आहे तिथे." मग तो जिन्याच्या वळणावर गेला, आणि येता-जाता माझं डोकं त्याच्या वायरवर आपटायला लागलं. एवढ्यानेही समाधान झालं नाही म्हणून गच्चीवर दांडा उभा राहिला आणि त्यावर चपटा अँटेना चढला, तोंड नेमकं धाकट्याच्या खिडकीकडे. "अंगण खाली आहे हो," मी म्हटलं. ह्यांना ऐकू आलं नाही. ह्यांना सोयीचं असेल तेवढंच ऐकू येतं.

आता हे फोन हातात धरून अंगणात फेऱ्या मारायला लागले. धाकट्याच्या पायरीपाशी जायचे, फोन वर करायचे, "फुल्ल!" म्हणायचे, आणि तोंड पाडून परत यायचे. कारण रेंज फुल्ल होती, पण भाऊजींचा फोन काही दिसत नव्हता. "इतका माज?" हे चिडून म्हणाले. "दारात नेऊन ठेवलं तरी घेत नाही. ठीक आहे. जाऊ दे म्हणावं."

त्याच दुपारी गच्चीवर जाऊबाई घुश्शात होत्या. चादर अशी झटकली की माझ्या तोंडावर पाणी उडालं.

"वहिनी, एक विचारू? दादांना आमचा एवढा पाणउतारा करून काय मिळतं?"

"काय केलं ग बाई?"

"काय केलं म्हणजे? आधी नवीन पासवर्ड घालून आम्हाला तोडलं. ठीक आहे, त्यांचं वायफाय, त्यांची मर्जी. पण मग दांडा कशाला उभा करायचा? आता आमच्या न्हाणीघरातसुद्धा त्यांचं नाव फुल्ल रेंजमध्ये झळकतं, शेजारी कुलूप! हे रोज बघतात आणि जेवत नाहीत. म्हणतात, दादा मला खिजवतोय."

मी कपडे तसेच बादलीत टाकले आणि खाली आले. हे खुर्चीवर उभं राहून रिपीटर पुसत होते.

"तुम्ही पासवर्ड बदललात, तो त्यांना सांगितलात?"

"सांगायचा कशाला?"

"म्हणजे? त्यांना काय स्वप्नात दिसणार आहे?"

हे खुर्चीवरून उतरले. फडक्याची घडी घातली, परत मोडली. "अग, त्याचंच नाव ठेवलंय," हे म्हणाले. "लहानपणी मी हाक मारायचो ना, बोंबल्या. तेच. मला वाटलं, तो आधी तेच घालून बघेल. दुसरं काय ठेवणार मी?"

मला रडावं की ह्यांच्या डोक्यात तो रिपीटर घालावा, कळेना. वर्षभर ज्याच्याशी शब्द बोलला नाहीत, त्याने तुमच्या मनातलं ओळखायचं? आणि तेही कुलपाचं चित्र बघून? मी तडक गच्चीवर गेले आणि जावेला सगळं सांगून टाकलं, पासवर्डसकट. मला गुपितं पोटात ठेवायचा कंटाळा आहे.

संध्याकाळी तिकडून निरोप आला. "हे म्हणतात, दादांना सांगायचंच असेल तर त्यांना तोंड आहे."

मी तो निरोप पोचवला. हे म्हणाले, "नाव त्याचं ठेवलंय. आता अजून मी काय सांगायचं?" एकाच झाडाची फळं, दुसरं काय! रेंज इकडून तिकडे फुल्ल जात होती आणि दोघांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

महिनाअखेर आली. सकाळी ट्रक लागला. कपाटं चढली, गाद्या चढल्या. मी आणि जाऊबाई दारात गळ्यात पडून रडलो, अगदी आवाज काढून. हे घरातच. फोन हातात धरून कोचावर बसले होते. मी एकदा आत जाऊन सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडले. हे हलले नाहीत. मी बाहेर आले तोवर ट्रक सुरू झाला, आणि सगळे गेले. माझी जाऊ गेली हो. आता गच्चीवर मी कुणाशी बोलणार, त्या अँटेनाशी?

आणि एवढ्यात आतून किंकाळी. "लागला! अग, लागला!"

मी धावत आत गेले. ह्यांच्या फोनवर भाऊजींचा फोन दिसत होता. रिकाम्या घराला कुलूप लावताना, निघता निघता त्यांनी ते नाव घालून बघितलं होतं, ते ह्यांच्या फोनवर आत्ता उमटलं. हे अनवाणी रस्त्यावर धावले. रस्ता मोकळा होता. ह्यांनी फोनकडे बघितलं, तर नाव पुसलं गेलं होतं.

"रेंज गेली," हे म्हणाले. चेहरा असा झाला की मला माझा सगळा राग गिळावा लागला.

"रेंज नाही गेली, माणूस गेला," मी म्हटलं. "आता तरी फोन लावा."

"काय बोलू?"

मीच नंबर लावला आणि फोन ह्यांच्या कानाला चिकटवला. पलीकडून 'हॅलो' आलं. मी कोपराने ढोसलं. तेव्हा ह्यांच्या तोंडून, वर्षभरानंतर, पहिला शब्द निघाला. "कुठवर पोचलास रे?"

"कोपऱ्यावर," भाऊजींचा आवाज मलाही ऐकू आला. "ट्रक अडकलाय. वळत नाहीये."

कोपरा म्हणजे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण हे तिथेच उभं राहून फोनवर बोलत राहिले. कपाट नीट बांधलंस का, तिकडे पाणी कसं आहे, यंत्राचं जाऊ दे आता. मी दंड धरून ह्यांना ढकलत नेलं. कोपरा वळलो, तर ट्रकपाशी भाऊजी, कानाला फोन, डोळे पुसतायत. ह्यांनी त्यांना बघितलं, त्यांनी ह्यांना बघितलं, आणि दोघं तसेच चालत जवळ आले, अगदी छातीला छाती लागेल इतके जवळ. तरी फोन कानालाच. "दादा, चुकलंच माझं," भाऊजी फोनमध्ये म्हणाले, आणि हे फोनमध्येच म्हणाले, "गप रे."

मी आणि जाऊबाईंनी दोघांचे फोन काढून घेतले आणि बंद करून पदराआड धरले.