किर्केनेस ते हामरफेस्ट

"नेटवरच्या वेळेवर जाऊ नकोस गं, तिकडची विमानं बससारखी थांबत थांबत जातात," असं हेमाताईंनी मला बजावलं होतं. त्या दुबईत आमच्या करामा भागातल्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात, आणि त्यांचे मिस्टर उपेंद्रदादा कामासाठी नॉर्वेत दोन हिवाळे काढून आलेत. विमान कसलं थांबतंय मध्येच, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

माझा नवरा शार्दूल कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर बघतो. दुबईच्या उन्हातून उठून बर्फात थंडी विकायला निघालाय, असं हेमाताई त्याला चिडवायच्या. नॉर्वेच्या पार उत्तरेला किर्केनेस आणि हामरफेस्ट असे दोन छोटे विमानतळ आहेत. किर्केनेसचं काम उरकून त्याला हामरफेस्टच्या मासळी कारखान्यात जायचं होतं. मी नेटवर अंतर टाकलं. अडीचशे किलोमीटरच्या आसपास, विमानाला पाऊण तास. म्हणजे इथून गाडीनं रास अल खैमाला जाऊन परत यायचं, वर थोडं. त्यात काळजी कसली?

दुपारी त्याचा "बसतोय" असा मेसेज आला. मी इराला वरणभात भरवला. तास गेला, दीड तास गेला. माझ्या मेसेजवर एकच टिक. रोमिंग घेतलेलं नव्हतं, पण उतरल्यावर विमानतळाचं वायफाय मिळतंच की. तिथलं हवामान उघडलं तर बर्फ आणि वारा. मग करू नये ते केलं, छोट्या विमानांचे अपघात शोधत बसले. चार वर्षांची इरा खेळणं सोडून माझा चेहरा बघत होती.

"मम्मा, इज बाबा लॉस्ट?"

तिला कडेवर घेतलं आणि तशीच वर गेले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण हेमाताईंनी जुनं काही काढलं नाही. इराच्या हातात चकली दिली, दादांना ऑफिसात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दादांनी विमान कंपनीचं पान उघडलं. मध्ये तीन थांबे होते. पाऊण तास हा नुसता नकाशावरच्या सरळ रेघेचा हिशोब.

"तिसऱ्या थांब्यावर उतरलंय," दादा म्हणाले. "पुढे हामरफेस्टला बर्फ आहे, म्हणून सोडलेलं नाही. अगं, थांबवून ठेवलंय म्हणजे ते लोक काळजी घेतायत. खलास, विषय संपला, चहा पी."

चहा होईपर्यंत दोन टिका आल्या, मागोमाग फोटो. लाल नाक, हातात वॉफल. बराच वेळ विमानातच बसवून ठेवलं होतं, आत्ता कुठे खाली उतरवलं, असं त्यानं लिहिलं होतं. शेजारच्या आजीबाई निवांत विणत बसल्यात, कुणालाच घाई नाही. मुक्काम तिथेच. इरानं फोन ओढून घेतला आणि बाबाच्या नाकाची पापी घेतली. मला रडू यायचं ते हसू आलं.

हे लिहितेय तेव्हा तो अजून पोचलेला नाही. सकाळी निघेल, इन्शाल्ला. मी वाट बघतेय, पण आज जेवले तरी.

तुमच्याही मजल्यावर अशी कुणी असेल. नवरा लांब गेलेला, लेकरू लहान, दार लावून फोनकडे बघत बसलेली. ती आपणहून येईलच असं नाही, मी गेले ते इरामुळे. जरा तिची बेल वाजवून बघाल का?