पुरवून खा

मी एक जुना फ्रिज आहे. रंग मूळचा पांढरा. आताचं विचारू नका. दाराचं रबर सैल झालंय, उजव्या कुशीवर पोचा आहे. हसा, मित्रांनो, खुशाल हसा. पण एका डब्यासाठी मी दोन वर्षं जिवाचं रान केलं, ते आधी ऐका.

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून एका शिंप्याच्या घरी आलो. पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या दाराशी मी. शिंप्याची बायको मला रोज पुसायची. मी अडून बसलो की कुशीवर एक चापट मारून म्हणायची, "चल रे बाबा, नखरे पुरे!" की मी निमूट सुरू! हा पोचा तिच्याच हातचा आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

त्यांची मुलगी चिमणी. सात वर्षांची झाली तेव्हा तिला स्वतः काहीतरी गोड करायचं होतं, पण गॅसजवळ जायची सक्त बंदी. म्हणून आईने तिला गॅस न पेटवता खोबऱ्याचे लाडू करायला शिकवलं. सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, डब्यातलं घट्ट गोड दूध, चिमूटभर वेलची. मळायचं, हाताला जरासं तूप लावून वळायचं आणि कोरड्या किसात घोळवायचं. आई प्रत्येक लाडवावर अंगठा दाबायची आणि त्या खळग्यात चिमणी बेदाणा बसवायची. तिने आपला अंगठा घालून पाहिला, तर खळगा निम्मा रिकामाच राहिला.

"मोठी झालीस की भरेल हो," आई हसून म्हणाली.

मग ताट तासभर माझ्यात. चिमणी दर पाच मिनिटांनी दार उघडून बघणार! अशाने लाडू घट्ट कसे व्हायचे? लाडू झाले की आई पहिला शिंप्याकडे न्यायची. "एक खा ना, ताजा आहे." तो मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "ठेव फ्रिजमध्ये. नंतर खातो." ती परत यायची आणि लाडू माझ्यात ठेवायची.

पुढे ती आजारी पडली. ऑपरेशनसाठी हॉस्पिटलला निघायच्या सकाळी तिने वीस लाडू वळले आणि डबा माझ्याकडे सोपवला. "मी येईपर्यंत पुरवून खा हं," म्हणाली. जाताना माझ्या दारावरून हात फिरवला. ती परत आली नाही.

तोवर पाच लाडू उरले होते. चिमणी म्हणाली, "बाबा, हे संपवायचे नाहीत. आई म्हणाली होती ना, मी येईपर्यंत."  शिंप्याने डबा उचलून वर बर्फाच्या कप्प्यात ठेवला.

त्या दिवसापासून मी स्वतःला जपू लागलो. पण वय कुणाला सोडतं? माझी घरघर थांबली की शिंपी मशीन थांबवून कान द्यायचा. एकदा त्याने मेकॅनिकला बोलावलं. "दादा, हा गेला कामातून. नवा घ्या," मेकॅनिक म्हणाला.

"नको. कसाही करून चालवा," शिंपी म्हणाला. मी चाललो, मित्रांनो. रडतखडत का होईना, चाललो.

एका दुपारी मात्र मी बंद पडलो. चिमणी शाळेतून आली तेव्हा जमिनीवर पाणी होतं. तिने दप्तर फेकलं, माझ्या पोच्यावर चापट मारली आणि ओरडली, "चल रे बाबा, नखरे पुरे!" हुबेहूब आईसारखी! मी होता नव्हता तेवढा जोर लावला. एकदा खडखडलो आणि गप्प झालो.

ती डबा छातीशी धरून शेजारच्यांच्या फ्रिजकडे धावली. शिंपी दारात आडवा आला. "राहू दे, चिमणे. किती जपणार?"

दोघं माझ्यासमोर ओल्या फरशीवरच बसली. लाडू मऊ पडले होते, पण खळगे तसेच होते. चिमणीने अंगठा ठेवून पाहिला. "बाबा, अजून थोडी जागा उरते." मग तिने घास घेतला आणि तिचा चेहरा पडला. "आईसारखे नाही लागत. नुसत्या बर्फासारखे लागतात."

शिंप्याला हुंदका आवरेना. "ताजे होते तेव्हा ती हातात घेऊन उभी असायची गं. मी म्हणायचो, नंतर खातो." रडत रडत दोघांनी पाचही लाडू संपवले. मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मी बाहेर गॅलरीत उभा आहे. भंगारवाला आज यायचाय. आत चिमणी एकटीच लाडू वळते आहे. आत्ताच तिने हाक मारली, "बाबा, एक खा ना!" आणि मशीन थांबलं.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, माझं वय झालंय. तुमच्याकडे एवढंच मागतो. घरचं कुणी ताट घेऊन समोर आलं, तर "ठेव फ्रिजमध्ये" म्हणू नका. हातातलं बाजूला ठेवा आणि तिथेच, त्यांच्यासमोर खा. नंतरसाठी मी ठेवलं असतं हो सगळं. खूप प्रयत्न केला. नाही जमलं.