आर्णीचं गाव उघडत नाही

उत्तमसिंग राठोडांचा तांडा सातबाऱ्यावर होता, मतदार यादीत होता. फक्त मुलींच्या वसतिगृहाच्या अर्जात नव्हता.

लेक वर्षा तीन दिवस अर्ज भरत होती. जिल्हा यवतमाळ, तालुका आर्णी, आणि पुढची 'गाव' ही चौकट दाबली की कोरी. गावाशिवाय अर्ज पुढे सरकेना. आज पाचला मुदत संपणार. खोली हुकली तर नर्सिंगही हुकणार, कारण तांड्यावरून कॉलेजच्या वेळेला पोचवणारी एसटी नव्हती. म्हणून बापलेक दुपारी एकला वसतिगृह चालवणाऱ्या यवतमाळच्या संस्थेत धडकले. अर्जाचं संकेतस्थळ बनवणारा मंदार जेवायला गेला होता. तो साडेतीनपर्यंत जेवला.

"काका, साइट ओके आहे. दुसऱ्या फोनवरून बघा."

"पाह्यलं. फोन बदलला, कॅफे बदलला. आता तालुका बदलू काय?"

"तेही चालेल," मंदार मनापासून म्हणाला. "राळेगाव टाका. हे बघा."

त्याने राळेगाव निवडलं. गावांची यादी सरसर खाली पडली. मंदार स्वतः राळेगावचा. तीन महिने साइटची तपासणी राळेगाववरच झाली होती.

उत्तमसिंगांची कानशिलं तापली. "माह्या बापजाद्यानं आर्णीत बस्तान मांडलं, अन् तू मले एका बोटानं राळेगावले हाकलतं? आर्णी दाखव!"

"आर्णी तर उघडल्या उघडल्या निवडलेलीच असते, काका. यादीत पहिली आहे."

"मंग गावं काहून येत नाही?"

मंदारने स्क्रीनकडे पाहिलं, मग छताकडे. छतावरही गावं नव्हती.

वर्षाने माउस ओढून घेतला. राळेगाववरून तिने परत आर्णी निवडली. गावं पडली. तांडा सहावा होता.

"तालुका बदलला तरच तुमची साइट गावं आणते," ती दात आवळून म्हणाली. "आर्णी आधीपासूनच वर. आर्णीवाल्यानं बदलायचं तरी काय?"

"अरे वा!" मंदार खुलला. "सूचना टाकतो. आर्णीच्या अर्जदारांनी आधी राळेगावला जाऊन यावे."

चार चाळीसला वर्षाचा अर्ज गेला. "चला बाबा."

उत्तमसिंगांनी खुर्ची ओढली, थेट मंदारच्या आणि दाराच्या मधे. "अर्ज गेला. मी नाही जात. माह्या तालुक्यातल्या बाकी पोरी काय राळेगावले चक्कर मारून येतीन? दुरुस्त कर."

मंदारने आर्णीच्या वर 'तालुका निवडा' अशी एक ओळ टाकली. आता सोळाही तालुक्यांतल्या पोरींना तालुका निवडावाच लागणार होता, आणि निवडला की गावं येणार होती. काम चार मिनिटांचं निघालं.

"झालं, काका."

"अन् आमचे तीन दिवस? मुदत वाढव."

"ते साहेबांच्या हातात आहे."

"साहेब कुठी?"

"चहाला गेलेत."

उत्तमसिंगांनी पायातल्या चपला काढल्या, खुर्चीखाली नीट जोडून ठेवल्या. वर्षाने दुसरी खुर्ची आणली.